आमचं मध्यमवर्गीय इंग्रजी आणि ते तसंच टिकवायचे उपाय

ज्यांना इंग्रजी अजिबात येत नाही त्यांच्यासाठी ढीगभर क्लास आहेत आणि ज्यांना उत्तम येतं त्यांना कशाचीच गरज नाही. राहिलो मधले, म्हणजे तुम्ही आणि मी. बातमी वाचली की कळते, मीटिंगमध्ये काय चाललंय तेही कळतं, पण आपली बोलायची पाळी आली की तोंडातून एक 'ॲक्च्युअली' बाहेर पडतं आणि मग बराच वेळ काहीच पडत नाही. भाषा किती येते हे मोजायला युरोपच्या कौन्सिलने 2001 मध्ये सहा पायऱ्यांची शिडी काढली, एवनपासून सीटूपर्यंत, तिच्यात आपण बीवनवर, फार तर बीटूच्या कठड्याला हात लावून उभे. आणि खरं सांगू का, जागा वाईट नाहीये. खाली पडायची भीती नाही, वर चढायची दमणूक नाही. पण काही उतावळे लोक इथून वर निघून जातात आणि ते बघून बाकीच्यांची उगाच चलबिचल होते, म्हणून माझ्या दीर्घ मुक्कामाच्या जोरावर चार सल्ले देतो.

सल्ल्यावरून आठवलं. मराठीत एक सल्ला, दोन सल्ले, पण इंग्रजीत 'ॲडव्हाइस'चं अनेकवचन होत नाही, 'इन्फर्मेशन', 'फर्निचर', 'इक्विपमेंट' यांचंही नाही. हे मला पक्कं माहितीये, निदान वीस वेळा वाचलंय, परीक्षेत विचारलं तर झोपेत सांगेन. तरी मेलमध्ये 'थँक्स फॉर युवर ॲडव्हायसेस' जातंच आणि ते दिसतं सेंड दाबल्यावर. माहीत असणं आणि वेळेवर हातातून उतरणं यांच्यामध्ये जी फट आहे ना, तिच्यात आपण संसार थाटलाय. ती बुजू द्यायची नाही, बाकी सगळं चालेल.

आता सराव. सराव जरूर करा, कारण सराव न करणारा माणूस एक दिवस वैतागून खरंच कोणाशी तरी बोलायला लागतो आणि मग तो हातचा जातो. फक्त सराव रिकाम्या जागा भरण्याचा करा आणि शीट अशी निवडा की जिच्यावर ठळक अक्षरात धड्याचं नाव असेल. वर 'सेकंड कंडिशनल' लिहिलंय म्हटल्यावर खालच्या दहाच्या दहा वाक्यांत काय टाकायचं ते ठरलेलंच आहे, इफच्या बाजूला साधा भूतकाळ, दुसऱ्या बाजूला वुड, वाक्य काय म्हणतंय ते वाचायचीसुद्धा गरज नाही, नुसत्या क्रियापदावर नजर टाकत खाली यायचं, हिरव्या टिकांची रांग, मन प्रसन्न. मी एक अख्खी शीट अशी न वाचता सोडवलीये, दहापैकी नऊ आले. एक गेला तो 'इफ आय वेअर यू'च्या जागी 'वॉज' टाकल्यामुळे. त्या शीटवर कोण कोणाला काय सांगत होतं हे मला आजही माहीत नाही.

खऱ्या बोलण्यात गैरसोय अशी की वर हेडिंग नसतं. तिथे आधी स्वतःच ठरवावं लागतं की आपण होऊ शकणारी गोष्ट सांगतोय, का नुसते मनातले मांडे, का होऊन गेलेल्याची हळहळ, आणि ते ठरेपर्यंत समोरचे विषय बदलून मोकळे झालेले असतात. म्हणून मिक्स प्रश्नांच्या शीटला हात लावू नका. तिन्ही कंडिशनल एकत्र आले की नऊचे पाच होतात, आणि पाच बघायला का आपण एवढा वेळ काढून बसतो? तेच ॲपचं. सलग चारशे दिवसांची साखळी तुटू द्यायची नाही, रात्री पावणेबाराला मोबाईल उघडून 'मांजर टेबलाखाली आहे' हे तीनशेव्यांदा बरोबर लावायचं आणि शांत झोपायचं. आता ते मांजर एवढी वर्षं टेबलाखाली का बसलंय हे इंग्रजीत विचारायची वेळ आपल्यावर कधीच येणार नाही, ही ॲपची खरी सेवा.

काळांच्या बाबतीत मराठीशी इमान राखा. मराठीत 'मी कालच पाहिलाय तो पिक्चर' असं बिनधास्त चालतं, मग 'आय हॅव सीन इट यस्टरडे' का चालू नये? इंग्रजीवाल्यांचं म्हणणं असं की काल म्हणजे संपलेला, दार बंद झालेला वेळ, तो सांगितलात की 'हॅव' काढा आणि साधं 'सॉ' म्हणा, आणि 'हॅव सीन' पाहिजेच असेल तर कधी पाहिला ते सांगू नका. हे ऐकून घ्यायचं, मान डोलवायची आणि सोडून द्यायचं. तसंच 'पासून'चं. आपल्याकडे सोमवारपासून पण पासून आणि तीन दिवसांपासून पण पासून, एकाच शब्दात काम होतं. त्यांनी सुरुवातीचा क्षण असेल तर 'सिन्स' आणि मोजलेली लांबी असेल तर 'फॉर' अशी वाटणी करून ठेवलीये, वर आपलं साधं 'राहतोय' त्यांना 'हॅव बीन लिव्हिंग' करून पाहिजे, म्हणजे एका क्रियापदाला तीन शब्द. एवढा खर्च कोण करणार.

'अ' आणि 'द'वर वेळ घालवू नका. मराठीत ही भानगडच नाही त्यामुळे आपल्या कानाला ती ऐकूच येत नाहीत, आणि 'द' हा इंग्रजीत सगळ्यात जास्त वेळा येणारा शब्द आहे म्हणे, म्हणजे कुठेही टाकला तरी कधी ना कधी बरोबर पडणारच. पत्ते पिसून वाटावेत तसे वाटा.

शब्दसंग्रह हा मात्र माझा लाडका विषय. पहिल्यांदा एक सुंदर वही घ्या. चार रंगांची पेनं. मग वाचताना अडलेला प्रत्येक शब्द उतरवून घ्या, शेजारी मराठी अर्थ, खाली अंडरलाइन, आणि वही मिटा. उघडायची नाही. माझ्या वह्यांमध्ये 'रिलक्टंट' हा शब्द चार वेळा आहे, चारही वेळा 'नाखूश, अनिच्छुक' असा अर्थ, चारही वेळा वेगळ्या शाईत, आणि चौथ्यांदा लिहिताना मला अगदी मनापासून वाटलं होतं की अरे वा, नवीन शब्द मिळाला. हर्मन एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने काही अर्थ नसलेली अक्षरं स्वतःच पाठ करकरून 1885 मध्ये दाखवून दिलं की विसरणं सुरुवातीलाच सगळ्यात जोरात होतं आणि मग मंदावतं, म्हणजे शब्द लगेच दुसऱ्या दिवशी, मग थोडे दिवस सोडून, मग अजून थोडे सोडून परत आठवून बघितला तर टिकतो. पुढे 1972 मध्ये सेबास्टियन लाइटनरने तर त्याच्यासाठी कप्प्यांची पेटीच सांगितली, शब्द आठवला की कार्ड पुढच्या कप्प्यात, नाही आठवला की परत पहिल्यात. आपण यातलं फक्त कार्डं बनवायचं काम उचलायचं. शनिवार-रविवार बसून तीनशे कार्डं, कोपरे गोल कापलेले, नामं निळी, क्रियापदं हिरवी. नंतर ती उलटून बघायची म्हणजे जवळजवळ परीक्षाच झाली की, तिथे न आलेल्या शब्दांचा गठ्ठा स्वतःच्या डोळ्यांनी बघावा लागतो.

आणखी एक युक्ती. एकसारखे किंवा उलट अर्थाचे शब्द नेहमी एकाच दिवशी, एकाच पानावर शिका. 'लेंड' म्हणजे उसनं देणं, 'बॉरो' म्हणजे उसनं घेणं, दोन्ही शेजारी शेजारी, एका दमात. ते एकमेकांत असे गुंततात की पुढची दहा वर्षं पेन मागताना तुम्ही 'कॅन यू बॉरो मी' म्हणता का 'कॅन आय लेंड' म्हणता याची समोरच्याला पण उत्सुकता राहते. एक शब्द आज नीट वापरून रुळला आणि दुसरा महिन्याभराने शिकलात तर ही गंमतच जाते.

शब्द कुठले शिकायचे? मोठे. ज्याच्या उच्चाराला पाणी प्यायला थांबावं लागेल असे. पॉल नेशन या संशोधकाने 2006 मध्ये हिशोब मांडला होता की पेपर किंवा कादंबरी कोणाच्या मदतीशिवाय वाचायची, म्हणजे मजकुरातले 98 टक्के शब्द ओळखीचे हवेत, तर साधारण 8 ते 9 हजार शब्दकुळं लागतात आणि ऐकून समजायला 6 ते 7 हजार. एका कुळात 'डिसाइड', 'डिसिजन' अशी सगळी भावंडं एकत्र धरायची. आता सरळमार्गी माणूस जास्त वापरातल्या शब्दांपासून सुरुवात करेल. आपण शेवटून करायची. 'गेट', 'पुट', 'टेक' हे तर लहानपणीच झालेत ना? 1989 च्या ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात सगळ्यात लांब नोंद 'सेट' या चिमुकल्या शब्दाची होती, पण आपल्याला तो येतो, टीव्हीचा सेट, झालं. 'पोस्टपोन', 'टॉलरेट', 'एक्स्टिंग्विश' हे आपले शब्द, आणि समोरचा मात्र त्याच कामाला 'पुट ऑफ', 'पुट अप विथ', 'पुट आउट' वापरतो. मला एकदा एका कॉलवर सांगण्यात आलं की तो रिपोर्ट 'पुट ऑफ' करा, म्हणजे पुढे ढकला. मी ऑफ ऐकलं आणि रिपोर्ट बंद केला. कायमचा. दोन आठवड्यांनी त्याची चौकशी झाली तेव्हा माझ्याकडे 'अनफॉर्च्युनेटली' हा शब्द तयार होता, पण पुढचं वाक्य नव्हतं.

चुका कोणाला दाखवू नका. लॅरी सेलिंकर यांनी 1972 मध्ये शिकणाऱ्याच्या मधल्या अवस्थेतल्या भाषेला 'इंटरलँग्वेज' असं नाव दिलं आणि तिच्यातल्या काही चुका थिजून जातात त्याला 'फॉसिलायझेशन'. म्हणजे आपल्या 'डिस्कस अबाउट'ला आणि 'आय डोन्ट नो व्हेअर इज ही'ला जीवाश्माचा दर्जा आहे, आणि जीवाश्म कोणी फोडतं का? कोणी टोकलंच तर 'भावना पोचल्या ना' म्हणायचं, हे वाक्य मराठीतच म्हणायचं. आणि हल्ली तर मजाच आहे, मोडकं तोडकं लिहा, एआयच्या चौकटीत टाका, गुळगुळीत होऊन आलं की कॉपी करा आणि पुढे पाठवा. आपलं काय बदललं, का बदललं, तेच तेच दर वेळी बदलतंय का, तिकडे बघायचंच नाही. चुकून नजर गेलीच तर पटकन विंडो मिटा.

एवढं करूनही अंगात उत्साह उरला असेल तर नियमांवर वाद घाला. वाक्याच्या शेवटी प्रेपोझिशन यावं की नाही, हा तर सदाबहार विषय. पुढे बिशप झालेल्या रॉबर्ट लाउथने 1762 च्या आपल्या व्याकरणात या सवयीबद्दल नाक मुरडलं, आणि मुरडता मुरडता त्याच वाक्याचा पहिला तुकडा प्रेपोझिशनवर संपवला. यावर एक संध्याकाळ आरामात जाते, आणि अख्खा वाद मराठीत घालता येतो.

मध्येच कधीतरी कोणीतरी परका माणूस भेटेल, गप्पांच्या ओघात विचारेल की इंग्रजी कधीपासून शिकताय. घाबरायचं नाही. हे वाक्य मी आरशासमोर इतक्यांदा घोटलंय की आता कुठेच अडखळत नाही. 'ॲक्च्युअली, आय ॲम लर्निंग इंग्लिश सिन्स फिफ्टीन इयर्स.'