मोबाईलवर हवा हिरवी दिसली म्हणून तणनाशक मारणाऱ्यांना

तासगावकडचा माझा मावसभाऊ हंगामात रोजानं फवारणीला जातो. परवा त्यानं एक फिरता मेसेज पाठवला आणि खाली लिहिलं, "बघ दादा, उगाच मास्क मास्क करत होतास." मेसेज असा: मोबाईलच्या अ‍ॅपवर हवा हिरवी, म्हणजे चांगली, दिसली की खुशाल तणनाशक मारा, वास येत नाही म्हणजे हवेत विष नाही, ओला रुमाल बांधला की पुरे, विष कातडीतून भिनतं, नाकातून नाही.

आधी अ‍ॅपचं, कारण माझं डोकं तिथंच फिरलं. आपल्याकडं हवेचा निर्देशांक आठ गोष्टींवरून काढतात: दोन आकारांचे धूलिकण, नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया आणि शिसं. यात टू-फोर-डी हे तणनाशक कुठाय? पॅराक्वाट हे दुसरं तणनाशक कुठाय? शिवाय ते यंत्र बसवलेलं असतं शहरात, आणि फवारणारा उभा उसाच्या सरीत. मोजायचं तर फवारणाऱ्याच्या नाकाजवळच मोजावं लागतं. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेची 5602 क्रमांकाची पद्धत खास तणनाशकांसाठीच आहे. कमरेला छोटा पंप, तिथून वर गेलेली नळी, कॉलरला अडकवलेली काचेची कुपी. कुपीतली गाळणी थेंब धरते, तिच्या मागचे राळेचे मणी वाफ धरतात. मिनिटाला एक लिटर हवा ओढली तर चार तासांत 240 लिटर, म्हणजे पाव घनमीटरही नाही. कुपीत सापडलेलं तणनाशक त्या हवेनं भागायचं, की आकडा हातात. पॅराक्वाटसाठी पद्धत वेगळी. त्याची नायॉशनं सुचवलेली हवेतली मर्यादा घनमीटरला 0.1 मिलिग्रॅम, टू-फोर-डीची 10. दोघांत शंभरपट फरक. अ‍ॅप यातला कुठला हिरवा दाखवणार?

वासाचं म्हणाल, तर पॅराक्वाटला स्वतःचा वास नसतो. डब्याला घाण वास येतो तो कुणी चुकून पिऊ नये म्हणून मुद्दाम मिसळलेला. आणि आमच्या भागात तरी हे सांगायला लागू नये: उसात टू-फोर-डी मारलं की बांधापलीकडच्या द्राक्षाची पानं पंख्यासारखी आखडतात, मग दोन घरांत बोलणं बंद. ते काय रस्त्यानं चालत गेलं होतं?

ओला रुमाल थेंब शोषतो आणि तोच तोंडाला चिकटून बसतो. पुढं.

कातडीचा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे, नाइलाजानं मान्य करतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत 1962 साली डरहॅम आणि वुल्फ यांनी फवारणाऱ्यांच्या अंगावर आणि श्वासात किती विष जातं ते कसं मोजायचं याबद्दल लिहिलं, तेव्हाच दिसत होतं की अंगावर पडणाऱ्याच्या मानानं श्वासातून जाणारं सहसा थोडंच असतं. पण हे कळलं कसं? अंगावर पट्ट्या लावल्या, मास्कमध्ये गाळण्या बसवल्या, दोन्ही मोजलं. अ‍ॅप बघून नाही. बरं, कातडीचीच एवढी काळजी होती, तर मेसेजमध्ये हातमोज्यांचा शब्द का नाही? पूर्ण बाह्यांचा, फवारणीच्या गळक्या पंपाचा?

मावसभावाचा पंप गेल्या हंगामापासून पाठीवर गळतोय.