जामची भाजी

आमच्या इंदूरला पेरूला जाम म्हणतात. म्हणजे हिंदीत म्हणतात, पण पिढ्यान्‌पिढ्या इथे काढल्यावर मराठी घरातही जामच होतो त्याचा, आणि मग पुण्याहून कुणी आलं की माझे हाल सुरू. परवा मावससासूबाई आल्या होत्या, बायकोने आतून विचारलं आज जामची भाजी करू का, तर त्या बिचाऱ्यांना ब्रेडला लावायच्या लाल जामला मोहरी-हिंगाची फोडणी बसताना दिसायला लागली.

"जावईबापू, मला नुसता वरणभात चालेल हो."

मी समजवायला बसलो. म्हटलं मावशी, तुमचा बाटलीतला जाम इंग्रजी, बहुतेक दाबणं-चेंगरणं यावरून आलेला, संध्याकाळी राजवाड्यापाशी लागतो तोही त्याच घराण्यातला, फक्त तिथे फळांऐवजी आपण चेंगरतो. गझलेतला जाम फारसी, म्हणजे प्याला, इराणच्या जमशेद राजाच्या प्याल्यात म्हणे अख्खं जग दिसायचं. जामनगरचा जाम म्हणजे तिथल्या राजाची पदवी. आणि इंडोनेशियात जाम म्हणजे तास किंवा घड्याळ, तिकडे 'जाम कारेत' असा शब्दच आहे, रबरी वेळ, हवी तेवढी ताणा (हे आमच्याकडच्या लग्नपत्रिकांवर छापायला हरकत नाही). आमचा खायचा जाम मात्र जांभळाच्या, म्हणजे संस्कृत जंबूच्या गोतावळ्यातला असावा, कारण मलय भाषेतसुद्धा पेरूला जंबू बातू म्हणतात.

"मग सरळ पेरू म्हणा ना!"

आता पेरू तरी कुठे सरळ आहे? फळ आलं अमेरिकेतून, त्या नावाचा देश तिकडेच, आणि पोर्तुगीजात पेरू म्हणजे टर्की, तो कोंबडीचा थोराड भाऊ.

"म्हणजे मांसाहारी?" मावशींनी ताट लांब सरकवलं. "जाम डोकं दुखायला लागलं बाई." हा जाम मी सांगायचा विसरलोच होतो, पण म्हटलं राहू दे.

भाजी शेवटी खाल्ली, दोनदा घेतली, गूळ घालून होतेच तशी छान. रात्री लेकीला फोनवर कौतुकाने सांगत होत्या, "अगं जावई जाममध्ये अडकलेले, नऊला घरी आले आणि आल्या आल्या जाम घेऊन बसले, वर जिरावण मसाला काय, मीठ काय!"

लगेच बायकोला तिचा मेसेज, "ताई, भाऊजी कधीपासून घ्यायला लागले?"