मिशीवाला सचिन

दर रविवारी तेच. छत्रपती संभाजीनगरात गुलमंडी, औरंगपुरा पालथं घालायचं, जनरल स्टोअरवाल्यांच्या माळ्यावर जुनी क्रिकेट कार्डं पडलीत का विचारत फिरायचं. आधी ‘नाही ओ, कोण घेतंय आता ते’. मी वळलो की मागून हाक. धुळीतला खोका निघतो, आणि माझे डोळे चमकले की मेलो! काका लगेच मोबाईल काढतात. ‘हे बघा, अमेरिकेत 40 हजाराला आहे.’

अहो, मागितलेत 40 हजार, दिले कुणी? आणि ते कार्ड ग्रेडिंगमध्ये, म्हणजे कार्ड किती कोरं राहिलंय त्याला मार्क देतात त्यात, 10 पैकी 10 वालं. तुमच्या सचिनला कुणीतरी बॉलपेननं मिशा काढल्यात! कोपरे उंदरानं कुरतडलेत, रबरबँड कडेत रुतलाय. बबलगमसोबत फुकट यायचं हे, मागं रन-विकेट छापलेलं. ते जमवायच्या नादात माझे निम्मे दात किडले, त्याचा काही रेट?

मी 100 वर आलो, तर म्हणले, ‘राहू द्या, पोरगा ऑनलाइन टाकणारय.’ तीन महिने झाले. खोका तिथंच. वर आता उदबत्तीचे पुडे ठेवलेत.

या रविवारी 150 म्हणून बघतो.