पावती न मागणारं काउंटर

परवा शेजारच्या गल्लीत गराज सेल होता, तिथे गंजक्या खिळ्यांच्या डब्यात क्राफ्ट्समन या अमेरिकी ब्रँडचं जुनं रॅचेट, म्हणजे नट आवळायचा तो टिकटिक करणारा पाना, सापडलं आणि बायको म्हणाली तसं, मी लॉटरी लागल्यासारखा हसत घरी आलो. मागच्या प्लेटचे दोन स्क्रू काढले तर आत ग्रीस नुसतं डांबर झालेलं, जुन्या टूथब्रशने घासून काढलं, थेंबभर तेल सोडलं, आणि परत तो टिकटिक आवाज, अहाहा! हँडलवर बारीकसा 'व्ही' चा शिक्का आहे, म्हणजे हे मूर ड्रॉप फोर्जिंग या कारखान्याचं काम.

आता गंमत बघा, नाव क्राफ्ट्समन, विकणारी सिअर्स ही अमेरिकी दुकानांची साखळी, आणि बनवणारा तिसराच! सिअर्सने 1927 मध्ये हे नाव 500 डॉलरला विकत घेतलं आणि पुढची कित्येक वर्षं वेगवेगळ्या कारखान्यांकडून माल बनवून घेऊन त्यावर ते नाव मारलं. म्हणजे लोकांचा जो काही विश्वास होता ना, तो कारखान्यावर नव्हताच, कारखाना कुणाला माहीतही नसायचा. विश्वास होता तो सिअर्सच्या काउंटरवर. पाना तुटला, सॉकेट (रॅचेटला लावायची, नटावर बसणारी वाटी) तडकलं, घेऊन जा, नवीन घेऊन ये. पावती नको, नाव नको, कधी घेतलं कसं तुटलं काही नको.

अर्थात हा काही धर्मादाय नव्हता हो. चांगल्या पोलादाचं सॉकेट तुटतं कितीसं? आणि तुटलं तर ते बदलायला माणूस दुकानात येणार, फ्रीज आणि लॉनमोअरच्या समोरून चालत जाणार, एखादी वस्तू उचलणारच. आणि बारीक अक्षरं तेव्हाही होती, टॉर्क रेंचला (ठरावीक जोरानेच आवळायचा पाना) आयुष्यभराची वॉरंटी नसायची, बरोबरच आहे म्हणा, त्याची स्प्रिंग आणि कॅलिब्रेशन वापरून ढळणारच. मला राग येतो तो स्क्रूड्रायव्हरची छिन्नी करून वर हातोडा हाणणाऱ्यांचा, वर तोंड करून बदलून मागणार! असे महाभाग मला प्रत्यक्ष भेटलेत, जुन्या बाजारातून तुटकी हत्यारं किलोने उचलायची आणि नवी करून आणायची हा ह्यांचा साइड बिझनेस.

पण सिअर्स पण काही साधूसंत नाही. रॅचेटच्या पाठीवर ते बटण असतं बघा, अंगठ्याने दाबलं की सॉकेट टपकन खाली पडतं, तेलकट हाताने ओढत बसायला नको, ते शोधलं पीटर रॉबर्ट्स नावाच्या अठरा वर्षांच्या पोराने, जो सिअर्सच्याच दुकानात कामाला होता. त्याला नगामागे 2 सेंट, तेही जास्तीत जास्त 10,000 डॉलरपर्यंत, एवढ्यावर गुंडाळलं आणि रॅचेटं विकली लाखोंनी. मग पोरगा कोर्टात गेला आणि ज्युरीने दहा लाख डॉलर द्यायला लावले. गिऱ्हाइकाला पाना फुकट बदलून देणारी कंपनी स्वतःच्या नोकराशी अशी वागली. दर वेळी ते बटण दाबताना मला हे आठवतंच, काय करू.

पुढचं तुम्हाला माहीत असेल. 2005 ला केमार्ट या दुसऱ्या दुकानसाखळीशी जोडणी, मग बरीच हत्यारं आशियात बनायला लागली, 2017 मध्ये क्राफ्ट्समन हत्यारं बनवणाऱ्या स्टॅनली ब्लॅक अँड डेकरला साधारण 90 कोटी डॉलरच्या सौद्यात गेलं आणि 2018 च्या ऑक्टोबरात सिअर्सने दिवाळखोरी जाहीर केली. नव्या मालकाने टेक्ससमध्ये फोर्ट वर्थला कारखाना काढायचं 2019 ला मोठ्या थाटात जाहीर केलं, 2023 ला तो बंद करतोय म्हणून सांगितलं. हॅंडटूल्सवरची आयुष्यभराची वॉरंटी मात्र चालू आहे, आता ती लोज नावाच्या दुकानांत वगैरे मिळते. कागदावर तक्रारीला जागा नाही.

फक्त बदलून मिळतं ते आजचं मॉडेल. माझ्या 'व्ही' शिक्क्याच्या बदल्यात काय हातात येईल ते मला माहीत आहे, म्हणून मी ते काउंटरवर ठेवणारच नाही. आतला पॉल (दातांत अडकणारा खटका) झिजत आलाय, भिंगातून दात बघितले, दोनतीन बोथट आहेत. कुणाकडे जुन्या राउंड हेड रॅचेटचं रिपेअर किट पडलं असेल तर इनबॉक्समध्ये सांगा, पैसे देतो, फुकट नको.