बॉयलर आणि बावखल

मी वसईचा कॅथलिक, पण इंग्लंडमधल्या आमच्या गावात घराजवळचं चर्च अँग्लिकन, म्हणून तिथे जातो. मागच्या हिवाळ्यात चर्च गरम ठेवणारा तेलावरचा बॉयलर बंद पडला आणि त्यावर तीन बैठका झाल्या. चर्च ऑफ इंग्लंडच्या, म्हणजे याच अँग्लिकन चर्चच्या जनरल सिनडने (सर्वोच्च सभेने) फेब्रुवारी 2020 मध्ये 2030 पर्यंत नेट झिरो, म्हणजे निव्वळ शून्य कार्बन उत्सर्जन, गाठायचा ठराव केलाय, तेव्हा पुन्हा तेलाचा बॉयलर आणायचा कोणत्या तोंडाने? एका आजींनी विचारलं, "मग जानेवारीत गुडघे टेकायचे कसे?" शेवटी बाकांखाली विजेचे हीटर लागले. पाय भाजतात, नाक गारठलेलंच.

त्याच दिवसांत वसईच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जुनाच वाद पेटला होता: वेदीवरून जमीन-पाण्याचं बोलावं का? 'फादरांनी मिस्सा करावी, मोर्चे कशाला?' हे मी लहानपणापासून ऐकतोय. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसई संरक्षण समितीचं आंदोलन घेऊन बिल्डर आणि पाणी उपसणाऱ्या टँकरवाल्यांविरुद्ध उभे राहिले, तेव्हा आमच्याच घरात हे वाक्य फिरायचं. आणि विहिरीचं पाणी मचूळ झालं म्हणून रडणारेही आम्हीच.

इथल्या प्रवचनांत एक शब्द सारखा येतो, 'स्ट्युअर्डशिप'. म्हणजे कारभारीपण. कारभारी म्हटला की हिशेबाची वही आली: किती युनिट वीज, किती किलो कार्बन. तो हिशेब हवाच; आपल्याकडे कोणत्या चर्चने वर्षाची वीज मोजलीय? पण त्या तीन बैठकांत कोणी कोणाचा शत्रू झाला नाही, हेही खरं. आपल्या मराठी बायबलात आदामाला एदेन बागेत ठेवलं ते 'मशागत व राखण' करायला. राखण करायची तर कोणापासून, हा प्रश्न येतोच, आणि मग गावात बोलणं बंद होतं. पोप फ्रान्सिस यांनी 2015 च्या 'लौदातो सी' या परिपत्रकात पृथ्वीचा आणि गरिबांचा आक्रोश एकत्रच ऐकायला सांगितला. वसईत ते आधीच कळलं होतं, असं मी इथे अभिमानाने सांगतो.

सांगत नाही ते एवढंच, की माझ्या शिक्षणासाठी आमची वाडी विकली गेली. तिच्यातल्या बावखलावर, म्हणजे गोड्या पाण्याच्या खोदीव तळ्यावर, भराव पडला, वर चार मजले उभे राहिले. ग्रुपवर परवा कोणीतरी बुजलेल्या बावखलांचे फोटो टाकले. मी अंगठासुद्धा दिला नाही.