थोडे पैसे वाढवले तर

गेम खेळण्यासाठी संगणक जुळवायचा, पण त्यातला प्रोसेसर मात्र खिशाला परवडेल असाच घ्यायचा, असा निश्चय जो कोणी जाहीर करतो त्याच्याभोवती सल्लागार ज्या वेगाने जमतात, तो वेग अजून कोणत्याही प्रोसेसरला गाठता आलेला नाही. माझ्या सल्लागारांचा म्होरक्या म्हणजे माझा भाचा. मी भीत भीत इंटेल कंपनीच्या आय३-१२१००एफ या प्रोसेसरचे नाव काढले. चार कोअर, म्हणजे काम उरकणारे चार मेंदू, आणि आठ थ्रेड, म्हणजे एका वेळी हाती घेता येणारी आठ कामे, गरिबाला पुरेसे.

“चालेल की मामा,” तो म्हणाला, “पण थोडे पैसे वाढवलेस तर सहा कोअरचा १२४००एफ येतो.”

हे ‘थोडे पैसे’ प्रकरण मोठे घातक असते. १२४००एफपर्यंत पोहोचलेल्या माणसाला १३४००एफ दिसतो, कारण त्यात सहा मोठ्या कोअरबरोबर चार लहान कोअरही असतात. तिथवर गेलेल्याला मग प्रतिस्पर्धी एएमडीचे एएम५ सॉकेट, म्हणजे मदरबोर्डावरची प्रोसेसरची बैठक, खुणावते, आणि त्या सॉकेटला डीडीआर५ या नव्या पिढीच्या मेमरीखेरीज दुसरे काही चालत नसल्यामुळे मेमरीपासून मदरबोर्डापर्यंत सगळेच नव्याने मोजावे लागते. प्रत्येक पायरी खालच्या पायरीपेक्षा खरोखरच थोडीशीच महाग असते, त्यामुळे कोणत्याच पायरीवर थांबण्याचे सबळ कारण सापडत नाही. भाच्याने मला शेवटी ज्या प्रोसेसरपाशी नेऊन उभे केले, त्याच्या किमतीत माझा अख्खा संगणक झाला असता. नाकापेक्षा मोती जड म्हणावे, तर इथे नाकाचाच पत्ता नव्हता!

नुसत्या कोअर मोजून भागले असते तरी मी तग धरला असता. परंतु नावे कोणी ठेवली, हे एकदा कळायला हवे. एएमडीच्या एकट्या ५६०० या आकड्याला साधा ५६००, मग ५६००जी, ५६००जीटी, ५६००एक्स, ५६००टी, ५६००एक्सटी आणि ५६००एक्स३डी एवढा गोतावळा आहे. त्यावर कडी म्हणजे ‘५६०० एक्सटी’ याच नावाचे त्याच कंपनीचे, पडद्यावर चित्र उमटवणारे ग्राफिक्स कार्डही २०२०पासून बाजारात होते, त्यामुळे नुसते नाव सांगून कोणाचे मत विचारावे तर समोरचा भलत्याच वस्तूची तारीफ करू लागतो. इंटेलच्या नावात शेवटी ‘एफ’ असेल तर आत ग्राफिक्स नाही, हा नियम मी पाठ केला. मग कळले की एएमडीच्या ५६००मध्येही ग्राफिक्स नाही, पण नावात ‘एफ’ही नाही, ७६००मध्ये ग्राफिक्स आहे, आणि ७५००एफमध्ये पुन्हा नाही. स्वस्त म्हणून ज्याच्यावर माझा डोळा होता तो ५५००, नावावरून ५६००पेक्षा उगीच जरासा कमी वाटतो. प्रत्यक्षात तो ग्राफिक्स बंद केलेला ५६००जी आहे: कोअर तेवढ्याच सहा, पण एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या पोटातली छोटी जलद मेमरी, ५६००च्या ३२ एमबीऐवजी १६ एमबी. गेमला ही कॅश फार लागते, कारण लागणारी माहिती तिथे नसली की प्रोसेसरला मेमरीकडे हात पसरून ताटकळावे लागते. शंभराचा फरक म्हणून दाखवला जातो तो असा निम्म्याचा निघतो.

आता प्रोसेसरांची तुलना करणाऱ्या आलेखांकडे वळू. ज्या चाचण्यांच्या आधारे भाचा मला गप्प करीत असे, त्या बहुतेक सर्वांत तगड्या ग्राफिक्स कार्डावर आणि १०८०पी इतक्या बेताच्या रिझोल्यूशनवर घेतलेल्या असतात. यात लबाडी काहीच नाही. कार्ड दुबळे असले तर सगळेच प्रोसेसर त्याच्यासाठी थांबून राहतील आणि आलेखातल्या पट्ट्या एकसारख्या दिसतील. परंतु ते दुबळे कार्ड तर माझेच असणार होते! म्हणजे एकाचे सेकंदाला १९० फ्रेम, अर्थात चित्रे, आणि दुसऱ्याचे २१० फ्रेम यावरून आमच्या घरात जो वाद पेटला होता, तो माझ्या कार्डाला कधी दिसणारच नव्हता आणि सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणाऱ्या माझ्या मॉनिटरला तर त्याचा वासही लागणार नव्हता. मला विचाराल तर सरासरी फ्रेमच्या पट्टीपेक्षा तिच्याखालची, सर्वांत संथ एक टक्का फ्रेमची छोटी पट्टी पाहावी. ऐन मारामारीत चित्र अडखळते की नाही, हे तीच सांगते.

त्या छोट्या पट्टीच्या भरवशावर मी साधा ५६०० पक्का केला. तो ज्यात बसतो ते एएम४ सॉकेट आता मेले, अशी भाच्याची हरकत होती. २०१६च्या या सॉकेटचा वारस २०२२मध्ये आला हे खरे, पण या मेलेल्याला २०२४मध्येही नवे प्रोसेसर होत होते, तेव्हा मी सुतक पाळले नाही.

प्रोसेसर बसवताना त्याच्या पोटाखालच्या १३३१ पिना पाहून हात थरथरला. कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवला, तसा तो आपल्याच वजनाने अलगद आत बसला. मग संगणक सुरू केला, पंखे फिरले, पडदा काळाच. मदरबोर्डाचे बायोस, म्हणजे संगणक सुरू करून देणारी त्यातली मूळ आज्ञावली, जुने असल्यामुळे त्याला हा प्रोसेसर ओळखीचा नव्हता. बायोस अद्ययावत करायचे तर संगणक सुरू व्हायला हवा, आणि सुरू व्हायचा तर आधी एखादा जुना प्रोसेसर बसवायला हवा. हा पेच इतका जुना आहे की २०१८मध्ये एएमडीने असे अडकलेल्या ग्राहकांना एक साधा प्रोसेसर चक्क उसना पाठवण्याची सोय केली होती. माझ्या मदरबोर्डावर सुदैवाने प्रोसेसरवाचून बायोस भरण्याचे एक बटण होते. पेनड्राइव्ह खोचून मी ते दाबून धरले आणि शेजारचा बारीक दिवा लुकलुकू लागला. भाचा बराच वेळ त्या बोर्डाकडे निरखून पाहत होता.

“मामा,” तो म्हणाला, “थोडे पैसे वाढवले असतेस, तर याच बोर्डात वायफायही आलं असतं.”