'सुजाण प्रेक्षक' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

सुजाण प्रेक्षक (हे नाव तुम्हीच घेतलंय, मी दिलेलं नाही),

'पॅरासाइट' या कोरियन सिनेमावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत की वाढदिवसाच्या पार्टीत सुऱ्या चालतात त्याला विनोद कसं म्हणायचं, श्रीमंतांना मुद्दाम बावळट दाखवलंय, शेवट लांबलाय, आणि 'रामबागेतल्या चांगल्या घरातल्या माणसाला हिंसेची भलामण शोभत नाही.'

पार्टीतला रक्तपात पोराबाळांसोबत बघण्यासारखा नाही, हे मान्य. बाकीचं ज्याची त्याची आवड, सोडून देऊ.

पण 'चांगल्या घरातल्या'? कुणाला शिकवताय? एक तर मी इंदूरच्या त्या रामबागेतला नाहीच. तिथल्याच परदेशीपुऱ्यात, गिरणी कामगारांच्या वस्तीत वाढलो. वडील कापड मिलमध्ये होते. पाळी संपवून आले की अंगाला तेलाचा नि कापसाचा वास यायचा. आई त्यांचा शर्ट वेगळ्या बादलीत भिजवायची. एकदा एका मुंजीला ते पाळीवरून थेट आले. पंगतीत शेजारच्या गृहस्थांनी पाट जरा सरकवला आणि उपरण्याचं टोक नाकाशी नेलं. बोलले काहीच नाहीत, चांगल्या घरातले होते ना! वडील मठ्ठा यायच्या आतच उठले.

आता सिनेमातला तो गरीब ड्रायव्हर आपल्या श्रीमंत मालकावर नेमका कधी वार करतो ते आठवा. पोटची पोर समोर रक्तात पडलीय. मालकाला गाडीची किल्ली हवीय आणि ती तळघरात लपून राहिलेल्या माणसाच्या अंगाखाली अडकलीय. मालक त्याला उलटा करतो आणि वासाने स्वतःचं नाक दाबतो. त्याच क्षणी. तुम्ही सुऱ्या मोजल्यात, ते नाक तुमच्या नजरेतून सुटलं. बरं, आदल्या रात्री याच ड्रायव्हरचं घर गटाराच्या पाण्यात बुडालेलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी मालकीणबाई गाडीत बसून फोनवर पावसाचं कौतुक करतात, हवा कशी स्वच्छ झाली म्हणून, आणि ड्रायव्हरच्या अंगाचा वास आला की काच खाली करतात. इथे मी हसलो. हो, मोठ्याने. दिग्दर्शक बोंग जून-हो आधी हसवतो आणि मग त्याच हसण्याची वसुली करतो. हे दिसत नसेल तर भिया, चष्म्याचा नंबर तपासून घ्या.

२०२० साली चार ऑस्कर मिळाली म्हणून मी भारावलो, असाही एक टोमणा आहे. त्यावर वेळ घालवत नाही.

भलामण कुठल्या वाक्यात केली, ते तेवढं दाखवा. आणि हो, पुढच्या आठवड्यात १९८३च्या 'जाने भी दो यारों'वर लिहितोय. त्यात मुडद्याला द्रौपदी करून महाभारताच्या रंगमंचावर उभं करतात. आधीच सांगून ठेवलेलं बरं.